हिवरदरीच्या शाळेवरचे दोन टिनपत्रे

मी, सेवादास वल्द खेमसिंग आडे, वय अंदाजे चोवीस, जात बंजारा, धंदा फिरस्ती, कायम राहणार हिवरदरी तांडा, फुलसावंगीजवळ, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ, सध्या मुक्काम यवतमाळचा सरकारी दवाखाना, खाट नंबर अकरा, आपल्या राजीखुशीने, अक्कल ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाखाली न येता आणि थेंबभरही न पिता हा कागद लिहून ठेवतो. माझ्यामागे जे उरेल त्याचं काय करायचं ते यात आहे. उरणारं फार नाही. पण या कागदात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर आमच्या तांड्याची शाळा पाडतील की ठेवतील, आणि माझी भोजाई जमनी ही नवरेवाली बाई की विधवा, हे दोन्ही ठरणार आहे. म्हणून सगळा वाचावा. मधूनच सोडू नये.

उद्या शुक्रवारी सकाळी माझं पोट फाडणार आहेत. आत गाठ आहे म्हणतात. मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, "साहेब, वाचीन का?" ते म्हणाले, "रुपयात दहा आणे." मी म्हटलं, "आता तर नवे पैसे आले साहेब, त्याचे किती होतात?" ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाजूच्या खाटेवर राळेगावचे मारोतराव ढुमणे आहेत. बंडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये आहे. त्यांनी तीस वर्षं कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहिले. हा कागद कसा लिहायचा ते त्यांनी सांगितलं. वही त्यांची, पेन्सिल माझी. मी तिसरीपर्यंत शिकलो, तेही तीन गावांत मिळून, म्हणून चूक दिसली तर मजकूर धरावा, अक्षर धरू नये.

कलम पहिले, देहाचे. मी वाचलो नाही तर तांड्यावर नेण्याचा खर्च करू नये. इथंच पुरावं. आमच्यात लग्न झालेल्याला जाळतात, बिनलग्नाच्याला पुरतात. मागच्या दिवाळीनंतर नसाबीत, म्हणजे आमच्या तांड्याच्या पंचायतीत, माझ्यावर चादर ठरली होती. पण ती पडली नाही, त्याच्या आदल्या दिवशी मी पळालो. म्हणून मी बिनलग्नाचाच. यावर कोणी वाद घालू नये. चादरीचं पुढे येतं.

कलम दुसरे, डफड्याचे. माझं डफडं तांड्यावर शेजारच्या बिजलीबाईच्या छपरात टांगलेलं आहे. ते कोणाही एकट्याला देऊ नये, होळीला जो गेरियांच्या पुढे चालेल त्याने वाजवावं. या डफड्यावर शाळा उभी आहे, हे मी फुशारकीने लिहीत नाही.

झालं असं की एकोणीसशे साठच्या संक्रांतीला जनपद सभेचे एक साहेब जीपमधून तांड्यावर आले. आमचे नाईक, म्हणजे तांड्याचे मुखिया, धरमसिंग यांना म्हणाले, "मास्तर आम्ही देतो, पगार आम्ही देतो. खोली, फळा, पाट्या तुमच्या. जूनच्या आत करा, नाहीतर मास्तर दुसऱ्या गावाला जाईल." खोली म्हणजे चार भिंती आणि वर टीन. गवताचं छप्पर चालणार नाही म्हणाले. भिंती मातीच्या, त्या आपण घालू, पण टीन काही जमिनीतून उगवत नाही. आता मी काम म्हणून कधी एका जागी आठ दिवस केलं नाही, पण फिरायला मला कोणी सांगावं लागत नाही. मी म्हटलं, मी आणतो पैसे. लोक हसले. धरमसिंग नाईक म्हणाले, "तू बाजाराले मीठ आणाले गेलता, ते महिन्यानं आला. अन् मीठ नाई आणलं." ते खरं आहे. वाटेत एक सर्कसचा तंबू लागला होता.

पण मला एक सुचलं होतं. आमच्यात मागच्या होळीपासून या होळीपर्यंत ज्या घरी पोरगा झाला, त्या घरी धुंड करतात. गेरिये, म्हणजे आम्ही जवान पोरं, डफडं वाजवत त्या दारात जातो, लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणतो, पोराला नाचवतो. मग पोराच्या बापाने पैसे द्यायचे, त्या पैशाची मोहाची यायची आणि रात्र निघायची. आजवर तसंच चाललं. त्या सालच्या होळीला मी झोळी अंगावर घेतली आणि दारातच सांगायचो, "तुमच्या पोराच्या नावानं एक पाटी, अन् टिनेसाठी जे जमेल ते. दारू नाई." फाल्गुन लागल्यापासून रंगपंचमीपर्यंत अकरा तांडे फिरलो. एका तांड्यावर पोराचा बाप म्हणाला, "पोट्टं अजून आईच्या पदरात हागून राह्यलं, अन् तू त्याले पाटी मागतो?" मी म्हटलं, "सहा वर्षानं हगणार नाई, तेव्हा पाटी कोठून आणशील?" तो हसला आणि दोन दिल्या. सगळीकडे असं झालं नाही. एका ठिकाणी माझ्याच सोबतचे गेरिये उलटले, म्हणाले, "आमची होळी कोरडी करतो का रे!" आणि मला चिखलात लोळवलं. डफड्याच्या कडेला भेग आहे ती तिथली.

त्या पैशांतून आलेलं सामान असं : पाट्या एकतीस, पाटीवरच्या पेन्सिलींची एक पेटी, फळा एक, साहेब आले तर बसायला खुर्ची एक, नकाशा एक. नकाशाचं सांगतो. तो मी पुसदला एप्रिलात घेतला, मुंबई राज्याचा, रंगीत, भारी. आणि मे महिन्यात राज्यच बदललं. नाईकांनी माझी खूप काढली. मी काय करणार, दुकानदाराने सांगितलं नाही. मास्तरांनी त्यावर शाईने नवी रेघ मारली आहे. तो भिंतीवर तसाच ठेवावा, पोरांना कळेल की रेघा हलतात.

मारोतरावांनी हे वाचलं. म्हणाले, "मृत्युपत्र लिहून राह्यला की यात्रेचं वर्णन? मुद्द्यावर ये. ते शाळा पाडायचं काय आहे?"

येतो. मुद्द्यावर यायलाच अवघड आहे म्हणून तर फिरून राह्यलो.

कलम तिसरे, सायकलचे. माझी सायकल मारेगावच्या बसथांब्याजवळ चहावाल्याकडे उभी आहे. पोट दुखून मी तिथंच पडलो, त्याने मला एस.टी.त घातलं. सायकल काळी, हिरव्या गादीची, मागचं मडगार्ड नाही. हँडलला घंटीखाली कवड्यांची एक पट्टी बांधलेली आहे, ती सायकलबरोबरच आली, शोभेची आहे. ही सायकल वणीच्या जत्रेत पैज जिंकून मिळाली असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. ही सायकल माझा मोठा भाऊ नेमसिंग याने मला दिली, आणि ती घेऊन मी गप्प बसलो.

नेमसिंग चौपन्न साली लाकूड ओढायच्या कामाला बैलजोडी घेऊन गेला, तो परत आला नाही. त्याची बायको जमनी, माझी भोजाई. याडी, म्हणजे आई, मेल्यावर मला भाकर तिनेच घातली. मी कुठूनही कितीही दिवसांनी आलो तरी ती विचारत नसे कुठं होता, आधी पाणी द्यायची. पण दुसऱ्या दिवशी विचारायची, "कोठं काही ऐकू आलं का?" नेमसिंगचं नाव घ्यायची नाही. आमच्यात बायका घेत नाहीत.

एकोणसाठच्या उन्हाळ्यात मी पैनगंगेच्या पल्याड किनवटच्या बाजूला गेलतो. काम नव्हतं, एक अस्वलवाला भेटला, त्याच्या अस्वलामागे गेलो. एका लाकडाच्या अड्ड्यावर पाणी प्यायला थांबलो तर करवतीजवळचा माणूस म्हणाला, "सेव्या?"

मी म्हटलं, "भिया!"

तो जाडा झाला होता. मला मिठी मारली नाही, खांद्याला धरून लाकडांच्या मागे नेलं. मी सांगितलं, याडी गेली. तो खाली बसला. मग म्हणाला, "अन् घरी?"

"घरी काय. भोजाई वाट पाहून राह्यली."

समोरच्या झोपडीच्या दारात एक बाई पोर कडेवर घेऊन उभी होती, आणखी एक तिच्या पायाशी. मी तिकडे पाहिलं, त्याने मी पाहिलेलं पाहिलं.

"सांगजो नको," तो म्हणाला.

"काय सांगू मंग?"

"काहीच नको सांगू." मग एकदम, "तुले सायकल चालवता येते का रे?"

येत नव्हती. त्याने संध्याकाळपर्यंत शिकवली. मागून गादी धरून धावायचा. लहानपणी त्याने मला पोहायला शिकवलं होतं तसंच. मी दोनदा पडलो आणि दोघंही हसलो. सकाळी मी सायकलवर बसून निघालो तेव्हा मला वाटलं की मी जगातला सगळ्यात सुखी माणूस आहे. नदी ओलांडेपर्यंत तसं वाटलं. मग भोजाईचं तोंड आठवलं. पण तोपर्यंत उताराचा रस्ता लागला होता.

तांड्यावर आलो तर पोरं सायकलमागे धावली. भोजाईने पाणी दिलं. सायकलकडे पाहिलं. त्या खेपेला दुसऱ्या दिवशी तिने काही विचारलं नाही. मला बरंच वाटलं, खोटं बोलावं लागलं नाही म्हणून.

कलम चौथे, घुगरीचे. इथून नीट वाचावं.

घुगरी म्हणजे आमच्या लग्न झालेल्या बायकांच्या केसांत दोन्ही कानशिलांवर लोंबणारी चांदी, खाली घुंगरू. नवरा मेल्याशिवाय ती उतरत नाही.

साठ सालच्या त्याच होळीला आम्ही आमच्या तांड्यावर झोळी फिरवत होतो. भोजाईला मूलबाळ नाही, तिच्या घरी धुंड नाही, म्हणून आम्ही तिचं दार सोडून पुढे चाललो. ती बाहेर आली. म्हणाली, "माझ्या दारावरून झोळी काहून पुढं जाते?"

मी म्हटलं, "भोजाई, तुझ्याकडं कशाचं मागू?"

"मागाले काय झालं? शाळा काय फक्त पोरंवाल्यायची आहे?"

असं म्हणून तिने दोन्ही हात वर केले आणि घुगऱ्या सोडल्या. गुंता होता, थोडे केस तुटून चांदीबरोबर आले. दोन्ही झोळीत टाकल्या. डफडं थांबलं. माझंच डफडं.

बिजलीबाई ओरडली, "जित्तेपणीच मारलं का वं नवऱ्याले?"

भोजाई म्हणाली, "मी कोणाले मारलं नाई. शाळेले द्यायचं होतं, दिलं."

धरमसिंग नाईकांनी तिथंच होळीजवळ नसाब बसवली. ते वाईट माणूस नाहीत, पण रीत म्हणजे रीत. सगळ्यांसमोर म्हणाले, "जित्त्या माणसाच्या बायकोची घुगरी ज्या घराले लागन ते घर मी माझ्या हातानं पाडीन. सेवाभायाची आण. शाळा असली तरी पाडीन." सेवाभाया म्हणजे आमचं दैवत, त्याची आण मोडत नाही. मग माझ्याकडे वळले. "सेवादास, तू गावोगाव फिरतो. भावाची काही खबर?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. भोजाई पण. सायकल लिंबाला टेकून उभी होती.

मी म्हटलं, "नाई."

मारोतराव म्हणतात इथं कारण लिही. शाळा वाचावी म्हणून खोटं बोललो असं लिहिलं तर चांगलं दिसेल. भावाला शब्द दिला होता असं लिहिलं तरी चालेल. पण त्या वेळी मला फक्त सायकल दिसत होती. खरं बोललो तर पहिला सवाल सायकलचाच झाला असता.

नाईक म्हणाले, "सहा वर्षं झाली. मेलाच समजा." भोजाई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "वाजव." मी वाजवलं.

पुसदला सराफाकडे घुगऱ्या मीच नेल्या. त्याने दोन्ही तागडीत टाकल्या. तिचे तुटलेले केस अजून कडीत होते. मी एक परत उचलली. का उचलली ते मला सांगता येत नाही. दोन्ही देऊन टाकल्या तर नेमसिंगला मीच मारल्यासारखं वाटलं असेल. एक विकली. तांड्यावर येऊन सांगितलं की चांदीचा भाव पडला. त्यामुळे टिनपत्रे दोन कमी आले. शाळेचा मागचा कोपरा अजून पळसाच्या पानांनी झाकलेला आहे आणि पावसाळ्यात तिथं गळतं. हे खोटं तिसरं. जुलैत शाळा भरली, एकतीस पोरं, त्यांत नऊ मुली, आणि मी दारात उभा राहून सगळ्यांची शाबासकी घेतली.

मग दिवाळीनंतर नसाबीत ठरलं की जमनी आता विधवा आहे, जवान आहे, तर रीतीप्रमाणे धाकट्या दिराने तिच्यावर चादर घालावी, म्हणजे तिला बायको करावं. दुसऱ्या तांड्यावरून माणसं यायची होती. जिवंत भावाच्या बायकोवर मी चादर कशी घालू? आणि का घालत नाही ते कसं सांगू? सांगितलं तर शाळा पडते. मी रात्रीच सायकल काढली. राळेगावला कापसाच्या जिनिंगमध्ये गाठोडी उचलली, मग मारेगावला. पोट तिथंच दुखायला लागलं. लोक म्हणतील, शाप लागला. डॉक्टरसाहेब गाठ म्हणतात. मला काय माहीत.

तर आता माझी शेवटची इच्छा आणि व्यवस्था अशी :

नेमसिंग वल्द खेमसिंग आडे जिवंत आहे, किंवा एकोणसाठच्या उन्हाळ्यात होता. जमनी विधवा नाही. तिच्यावर कोणी चादर घालू नये. तिने नवऱ्याला जिवंतपणी मारलं असं कोणी म्हणू नये, मारलं असेल तर मी मारलं, एका शब्दात.

शाळा पाडू नये. त्यासाठी मी अशी तोड काढतो. माझी सायकल विकावी. ती मुळात नेमसिंगची. तिची जी किंमत येईल तेवढी शाळेच्या टिनेला लागली असं नसाबीत जाहीर करावं. म्हणजे शाळेवर जमनीची घुगरी लागलीच नाही, तिच्या जागी तिच्या नवऱ्याची सायकल लागली. नवऱ्याच्या वस्तूला नाईकांची आण आडवी येत नाही. मारोतराव म्हणाले, "तू वकील व्हायचा होता." मी म्हटलं, "चौथीचं गाव सापडलं असतं तर झालो असतो."

दुसरी घुगरी माझ्या कमरेच्या गाठीत आहे. ती जमनीला द्यावी. एकच आहे, घालता येणार नाही, पण तिची आहे. मोडावी, ठेवावी, फेकावी, तिची मर्जी.

कलम पाचवे, रागालोभाचे. चिखलात लोळवणाऱ्या गेरियांना माफ. पुसदच्या नकाशावाल्याला माफ नाही. नेमसिंगला काय लिहू? त्याने गादी धरून धावत सायकल शिकवली. तेवढं लिहितो.

इथवर दुपारच्या आत लिहून झालं होतं. मारोतराव म्हणाले सही कर, दुसरा साक्षीदार कंपाउंडरला करू. तेवढ्यात भोजाई आली.

मला माहीत नव्हतं. कंपाउंडरने माझं नावगाव विचारून घेतलं होतं आणि एक कार्ड टाकलं होतं. तांड्याला पोस्टाचा पत्ता आता शाळेचाच आहे. मास्तरांनी वाचलं. ती फुलसावंगीपर्यंत चार मैल पायी आली आणि मग दोन एस.टी. बदलून इथं. खाटेजवळ उभी राहिली, कपाळावर पदर, कानशिलं रिकामी. मी उठायला गेलो तर म्हणाली, "निजून राह्य." मग आजूबाजूला पाहिलं आणि माझ्या उशाशी माठ होता त्यातलं पाणी मला दिलं.

मी वही पुढे केली. मग आठवलं, तिला वाचता येत नाही. म्हटलं, "मी वाचून दाखवतो." आम्ही आमच्या गोरबोलीतच बोललो, मी इथं मराठीत लिहितो. मी सगळं वाचलं. सायकल, नदीपल्याड, नेमसिंग, सगळं. वर पाहायची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, "भोजाई, काही बोल. शिव्या दे."

ती म्हणाली, "हँडलची पट्टी शोभेची आहे म्हणतो?"

"हो."

"ती बैलाच्या कपाळाची पट्टी आहे. त्याच्या धवळ्या बैलाची. तो निघाला तेव्हा मी कवड्या टाकून करून देली होती. मधात एक कवडी उलटी लागली, उसवाले वेळ नव्हता, तशीच देली." तिने माझ्याकडे पाहिलं. "बाईले आपला टाका ओळखू येत नाई का रे?"

मारोतरावांना सगळं कळत नव्हतं, पण ते उठून बसले.

"म्हणजे मी सायकल घेऊन आलो त्याच दिवशी..."

"त्याच दिवशी. पाणी देता देता पाहिली. मले वाटलं, उद्या सांगन. उद्या नाई सांगितलं. मंग समजलं का याले काहीतरी देऊन गप्प केलं." मग म्हणाली, "सायकल महाग असते. नाई?"

मी वही मिटली.

"घुगरी मी तो मेला म्हणून नाई काढली. तो आहे हे मले ठावं होतं. तो आहे, अन् येणार नाई. मंग त्याची चांदी मी कायले डोक्यावर वागवू? पोरायच्या डोक्यावर टीन होते, तर होऊ दे. मेला तुम्ही म्हटलं. मी म्हटलं नाई. तुले सगळ्यायनं विचारलं तेव्हा मले वाटलं, आता बोलन. नाई बोलला. मी 'वाजव' म्हटलं तेव्हा तरी थांबशील वाटलं. तू वाजवलं."

हे तिने हळूच म्हटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी कमरेची गाठ सोडली आणि घुगरी तिच्या हातात ठेवली. तिने तळहातावर वर-खाली केली. "एकच?"

"एकच विकली मी. ही ठेवली."

"मंग ते दोन टिनपत्रे?"

"याच्यामुळंच कमी पडले."

आता ती चिडली. वॉर्डातले लोक वळून पाहायला लागले. "म्हणजे कोपऱ्यात गळते ते याच्यापायी? पावसाळाभर तिथली पोरं पाट्या डोक्यावर धरून बसली! लिहिलं का पुसून जाये, लिहिलं का पुसून जाये! अन् तू ही गाठीत बांधून फिरला? कायले? माझ्या दयेनं?" ती खाटेच्या कडेवर बसली. "मी पाणी भरते शाळेत. दारात बसते. सगळं दिसते मले."

मग मी विचारलं, नाईकांच्या आणेचं काय करायचं.

"पाडाले आला तर आत एकतीस पोरं बसली राहतील, अन् दारात मी. पाड म्हणाव." मग म्हणाली, "ती सायकलीची तोड काटून टाक. माझ्या चांदीच्या जागी त्याची सायकल कायले लावतो? माझी लागली ती लागली. सायकल मास्तरले दे. रोज चार मैल पायी येते बिचारा, अर्धी शाळा त्याच्या येण्यातच जाते. पट्टी तेवढी मी सोडून घेईन."

म्हणून वरचा सायकल विकण्याचा मजकूर रद्द. सायकल मास्तरांना, जोवर ते हिवरदरीच्या शाळेत आहेत तोवर. ते गेले तर पुढच्या मास्तरांना.

मारोतराव म्हणाले, "आता दुसरा साक्षीदार पाहिजे. कंपाउंडरला बोलवा."

भोजाईने त्यांना मराठीत विचारलं, "मी केली सही तर?"

ते म्हणाले, "बाई, ज्याले कागदात काही मिळते त्यानं साक्ष घालू नाई. कचेरीत कोणी हटकलं तर कागद कच्चा पडते. तुम्हाले घुगरी मिळून राह्यली."

तिने घुगरीकडे पाहिलं. मग ती माझ्या उशाशी ठेवली. "मले नाही पाहिजे. शाळेले दे. दोन टिनपत्रे आण म्हणाव, मागच्या कोपऱ्यावर, पावसाळ्याच्या आत."

"अन् पट्टी?" मारोतराव म्हणाले. "पट्टीही मिळकतच."

"ती माझीच आहे. हा मले देणारा कोण?"

मारोतराव हसले आणि म्हणाले, "चालेल."

म्हणून कलम चारमधली घुगरी जमनीला द्यावी हे रद्द. ती घुगरी शाळेच्या मागच्या कोपऱ्यावर दोन टिनपत्र्यांसाठी विकावी. पैसे मास्तरांच्या हातात द्यावे. माझ्यासारख्या फिरणाऱ्याच्या हातात देऊ नये.

शेवटचं कलम. मी वाचलो तर हा कागद फाडावा, पण आधी मी होळीच्या दिवशी नसाबीत उभा राहून हे सगळं तोंडाने सांगेन. भोजाईने तसं कबूल करून घेतलं आहे. मेलो तर हा कागद नसाबीत ती वाचील. मी म्हटलं, "तुला कुठं वाचता येतं?" ती म्हणाली, "जून लागेपर्यंत येईल. अर्धं येते आता." त्यामुळे कागद जूनमध्ये वाचला तरी चालेल, पण चादर कोणी तोवर घालू नये.

मारोतरावांनी पेन तिच्या हातात दिलं आणि विचारलं, "नाव कसं लिहायचं? रीत अशी आहे, नवरा असला तर जमनी जौजे नेमसिंग, नसला तर जमनी बेवा नेमसिंग. कोणतं लिहू सांगा, मी लिहून देतो, तुम्ही अंगठा द्या."

"दोन्ही नको," ती म्हणाली. "सरका. मी लिहिते."

तिला बराच वेळ लागला. ज आधी उलटा आला, तिने तो खोडला नाही, शेजारी दुसरा काढला.

मुक्काम यवतमाळ, गुरुवार, तारीख ९ फेब्रुवारी १९६१.

लिहून देणार : सेवादास वल्द खेमसिंग आडे

साक्षीदार :

१. मारोतराव वल्द गणपतराव ढुमणे, माजी अर्जनवीस, राहणार राळेगाव. आमच्यासमक्ष सही केली. मजकूर लांब आहे, पण खरा वाटतो.

२. जमनी. शाळा, हिवरदरी तांडा.